जीन शेजारून आला

“पण बाई, या दोन जंतूंचं एकमेकांशी नातंच नाही. मग दोघांकडे एकच जीन कसा?”

हा प्रश्न मी सेहेचाळिसाव्या वर्षी विचारला, नावामागे डॉक्टरेट असताना. त्याआधी आठ दिवस मी जीन वाचायचं माझं मशीनच पुसत बसले होते. मला वाटलं, चूक त्याचीच.

आमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, तान्ह्या बाळांच्या वॉर्डात, तीन बाळांच्या रक्तात जंतू सापडला होता. एक सोडून कुठलंच औषध त्याला लागू पडेना. तो येतोय कुठून हे कळलं नाही तर वॉर्ड बंद होणार होता. तसला दुसरा वॉर्ड ऐंशी किलोमीटरवर.

शेजारच्या सर्जरी वॉर्डातही एक जंतू औषधांना दाद देईना, पण तो वेगळ्या जातीचा. या दोन निराळ्या भानगडी आहेत, असं मी भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं. मग मशीननं दोघांकडे तोच जीन दाखवला. औषध फोडून टाकणारा, अगदी तंतोतंत.

बिडकरबाई आमच्या लॅबच्या निवृत्त प्रमुख. दर गुरुवारी येतात, जंतू वाढवलेल्या प्लेट उजेडात धरून बघतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचा जेवणाचा डबा पुढे ओढला.

“हा कुणाचा?”

“नसीमभाभींचा. परत करायचा राहिलाय.”

“कोण लागतात तुझ्या?”

“कुणी नाही. शेजारीण.”

“देताना काय घालणार?”

“बघते काहीतरी. रिकामा कसा देणार?”

बाईंनी डबा माझ्याकडे सरकवला.

मीच दरवर्षी मेडिकलच्या मुलांना शिकवते, की जंतू जीनचं छोटं गाठोडं शेजारच्या जंतूला देतात. नातं लागत नाही. आणि फिरता फिरता गाठोड्यात भर पडत जाते. शिकवते, आणि परीक्षेत विचारतेसुद्धा.

“पण बाई, दोन वॉर्डांच्या मधे भिंत आहे.”

“भिंतीला काय आहे?”

मी उठून बघायला गेले.

भिंतीला हात धुवायचं बेसिन होतं. दोन्ही वॉर्डांचं मिळून एक. बाटलीत उरलेलं इंजेक्शन दोन्हीकडच्या सिस्टर त्यातच ओतत. मीही एकदा ओतलं होतं, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. खालच्या पाइपातला बुळबुळीत थर खरवडून प्लेटवर वाढायला लावला, तर दोन्ही जंतू एकत्र उगवले, तोच जीन घेऊन. रोज थोडं थोडं औषध पिऊन चांगले मुरलेले.

बेसिन उखडलं. पाइप बदलला. उरलेल्या औषधासाठी वेगळा डबा ठेवला. त्या एका औषधावर तिन्ही बाळं तरली. सगळ्यात छोटं, संगीता पावराचं, वॉर्ड डोक्यावर घेत घरी गेलं. एकवीस दिवस झाले, नवीन केस नाही. वॉर्ड चालू राहिला. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या लाजतलाजत पण पूर्ण घेतल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी बाई येईपर्यंत मला दम नव्हता.

“बाई, जिंकलो आपण. डीनना सांगितलं, कलेक्टर ऑफिसला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. रिक्षावाल्यालासुद्धा.”

बाईंनी प्लेट उजेडात धरली.

“जंतूंना सांगितलंस?”