लपण्याची जागा

“पण बाबा, माझं नाव घातलं म्हणून बिघडलं कुठे?” रंगोजीनं विचारलं.

जैतोबा चूल फुंकत होते.

हे जैतोबा उंबरकड्याच्या पायथ्याशी गुहेत राहणारे गोसावी. भगवी वस्त्रं घेण्याआधी तीस वर्षं त्यांनी गडाची गुप्त पत्रं लिहिली होती. आता गडाला वेढा पडला होता आणि वरचं धान्य संपत आलं होतं. चाळीस गडी पाठीवर पोती बांधून मागच्या कड्यानं चढणार होते. कोणत्या दिवशी, कोणत्या घळीतून, हे वर कळवायचं होतं. पत्र वाटेत पकडलं जाऊन कुणी वाचलं, तर ते चाळीस जण कड्यावरच कापले जाणार होते.

वर पत्रं वाचायला, गडाचाच शिलेदार असलेल्या रंगोजीचा थोरला भाऊ सुभानजी होता. म्हणून पत्र मीच लिहिणार, असा रंगोजीनं हट्ट धरला होता. हट्टाच्या बाबतीत गडी कुणाला हार जाणारा नव्हता.

विद्या तशी सोपी. वरच्या ओळीत क पासून ळ पर्यंत अक्षरं लिहायची. खालच्या ओळीत आधी ठरलेल्या शब्दाची अक्षरं मांडायची. एखादं दोनदा आलं तर दुसऱ्यांदा गाळायचं. मग उरलेली अक्षरं नेहमीच्या क्रमानं. पत्र लिहिताना वरच्या अक्षराऐवजी त्याच्या खालचं लिहायचं, काना-मात्रा जिथल्या तिथे.

रंगोजीनं आपलं नाव घेतलं होतं. खालच्या ओळीत र, ग, ज आले, मग क, ख आणि बाकीची मंडळी. त्यामुळे ग च्या खाली ज आला, ड च्या खाली ठ, आणि ‘गड’ चा झाला ‘जठ’. शब्द ठाऊक असेल तर पत्र घडाघडा वाचता येतं. नसेल तर चार ओळींच्या पत्रात अक्षरं मोजून उलगडा करू पाहणाऱ्याचीही डाळ शिजत नाही.

जैतोबांनी मात्र चुलीवरचा भात शिजायच्या आत चिठ्ठी वाचली होती.

“शत्रूच्या छावणीत तुझ्या गावचे चार जण चाकरीला आहेत,” ते शेवटी म्हणाले. “मला सुचलं ते त्यांना सुचणार नाही?”

खरी अडचण हीच होती. जुना शब्द फितुरीनं बाहेर गेला होता. नवा शब्द असा हवा होता, की जो सुभानजीला न सांगता कळेल आणि दुसऱ्या कुणाला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी रंगोजीनं कुळदैवत घातलं. तिसऱ्या दिवशी लाडकी घोडी. चौथ्या दिवशी सरदारांनी भर सभेत दिलेला किताब घातला आणि मिशीवर हात फिरवत समोर बसला. जैतोबांनी भाताला आधण ठेवलं, चिठ्ठी हातात घेतली, आणि आधणाला उकळी येण्याआधीच ती मोठ्यानं वाचून दाखवली.

रंगोजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तावातावानं म्हणाला, की असा शब्द जगात नाहीच, बाबांना आपल्याला कामच द्यायचं नाही.

“जे मिरवलंस ते सगळं आणलंस,” जैतोबा म्हणाले. “दुसरं काहीच नाही तुझ्याकडे?”

…

रंगोजी उठून ओढ्याकाठी जाऊन बसला.

दुसरं होतं. वीस वर्षांपूर्वी पाटलाच्या घोड्याचं दावं त्यानं गंमत म्हणून सोडलं होतं. घोडा दरीत गेला. आळ सुभानजीवर आला, आणि चावडीपुढे साऱ्या गावादेखत त्याला आसूडानं मारलं. रंगोजी जवळच लपून बघत होता. मार खाताना सुभानजीची नजर एकदा थेट त्याच्यावर पडली. त्यानं ती लगेच वळवली आणि शेवटच्या फटक्यापर्यंत तोंड उघडलं नाही. पुढेही भावाभावांत त्याचा शब्द निघाला नाही.

मार गावाला ठाऊक होता. रंगोजी कुठे लपला होता, हे दोघांनाच ठाऊक होतं. सरदाराच्या किताबानं फुगलेल्या त्या माणसाला ओढ्याकाठी बसून स्वतःची शरम वाटली.

पाचव्या दिवशी त्यानं तीन कागद फाडले. चौथा मात्र खाली ठेवायचा नाही, असं ठरवूनच हातात घेतला.

सहाव्या दिवशी सकाळी जैतोबांपुढे पत्र आलं. पहिली ओळ उघड होती, कुणालाही वाचता येईल अशी:

‘दादा, मार तुला बसला तेव्हा मी जिथे लपलो होतो, ती जागा.’

पुढच्या चार ओळी त्या जागेच्या नावानं झाकलेल्या होत्या.

जैतोबांनी पत्र वाचायला घेतलं. भाताला उकळी आली. भात शिजला. त्यांनी कागद उजेडात धरला, बोटांवर अक्षरं मोजली, गावातल्या जागा एकेक करून घालून पाहिल्या. भात खाली लागला, त्याचा वास गुहेत पसरला, तरी ते वाचतच होते.

मग त्यांनी भांडं उतरवलं आणि जासुदाला हाक मारली. पत्र त्याच्या फेट्यात गेलं. जासूद झाडीत दिसेनासा झाला.

रंगोजीनं इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा अर्धाच सरकला होता.

“बाबा, तुम्हाला तरी सांगू द्या. त्या दिवशी मी…”

जैतोबांनी राखेचा हात त्याच्या तोंडावर ठेवला.

…

“तिथे तू एकटाच लपलास,” ते म्हणाले. “आता चाळीस जणांना लपू दे.”