कोरी लड

रेशीम रंगवणाऱ्यांच्या एका गावात एक कारागीर होता. तो धागे नव्हे, चित्रफिती रंगवायचा. कॅमेऱ्यातून चित्र फिकट निघे; त्यातले ऊन, झाडे, माणसांची कांती पुन्हा जिवंत करायचे काम त्याचे. हात चांगला होता, आणि हे त्याला कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

शिकवताना त्याच्या गुरूंनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. खोलीच्या भिंती करड्या ठेव, आणि रोज कामाला बसण्याआधी ही करडी पट्टी शेजारी धरून पडद्याचे रंग जुळवून घे.

"डोळा लवकर सरावतो रे," गुरू म्हणत. "सरावला की खोटं सांगायला लागतो, आणि आपल्याला ते कळतही नाही."

गुरू गेले. कारागिराचे नाव झाले. करड्या भिंती त्याला सुतकी वाटू लागल्या, म्हणून त्याने त्यांना झेंडूसारखा पिवळा रंग दिला आणि वर पिवळे दिवे लावले. पट्टी खणात गेली. एवढे नाव कमावल्यावर पट्टी कशाला, असे त्याला वाटले.

एक दिवस एक म्हातारी आली. तिचा रंगारी मुलगा जवळपास वर्षापूर्वी काविळीने गेला होता. तो धडधाकट असताना कुणी वाटसरूने काढलेली चित्रफीत तिच्याकडे होती.

"बाबा, डोळे मिटले की मला त्याचा आजारातला पिवळा चेहराच दिसतो," ती म्हणाली. "खरा चेहरा हरवलाय माझ्याकडून. वर्षश्राद्धाला तेवढा दाखवशील?"

कारागिराचे मन हेलावले. त्याने आठ दिवस मन लावून काम केले. चित्र त्याला सारखे निळसर, गार वाटे. तो त्यात ऊब वाढवत गेला. शेवटी चेहरा त्याच्या मनासारखा उजळला.

वर्षश्राद्धाला सगळी रंगारी गल्ली जमली. पांढऱ्या चादरीवर मुलगा दिसला, कढईत रेशीम घोळवत असलेला. म्हातारी उठली, चादरीजवळ गेली आणि तिने चित्रातल्या त्याच्या खांद्यावर बोट ठेवले.

"रंगारी कामाला बसताना रेशमाची एक न रंगवलेली लड खांद्यावर ठेवतो. तिच्याशी ताडून रंग बघतो. माझ्या लेकाने कोरी लड कधी डागाळू दिली नाही. ही पिवळी आहे." मग ती हळूच म्हणाली, "बाबा, तू मला त्याचा आजारच परत दाखवलास."

कारागीर शरमेने घरी आला. खोलीतल्या पडद्यावर त्याने पाहिले, तर लड पांढरीशुभ्र. त्याने पडदा उचलून अंगणात नेला आणि सावलीत ठेवला. तिथे लड पिवळी होती, चेहराही पिवळा होता. पिवळ्या खोलीला सरावलेले डोळे त्याला आठ दिवस फसवत होते.

त्याने दिवे उतरवले, भिंती स्वतःच्या हाताने करड्या केल्या, खणातली पट्टी काढून पडदा जुळवला. मूळ चित्रफीत त्याने जपून ठेवली होती, गुरूंकडून उचललेली तेवढी एक सवय शाबूत होती. या वेळी त्याने चेहऱ्याला हात लावला नाही. आधी खांद्यावरची लड पांढरी केली. चेहरा आपोआप सावळा, तुकतुकीत झाला.

म्हातारीने चेहऱ्याकडे लगेच पाहिले नाही. आधी खांदा पाहिला.

"लड कोरी आहे," ती म्हणाली, आणि मग तिने नजर वर नेली. ती नुसती रडत होती.

"आजी, त्या दिवशी आलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावतो," कारागीर म्हणाला.

"बोलाव. पण त्याची मावशी परवा गेली. तिने त्याला पिवळाच पाहिलं."

त्या दिवसापासून त्याच्या पडद्याशेजारी एक कोरी लड टांगलेली असते, आणि कामाला बसण्याआधी तो तिच्याकडे पाहतो.

तात्पर्य एवढेच: आपली नजर कितीही तयार असो, तिला रोज ताडून पाहायला एक कोरी लड जवळ ठेवावी. नजरेची चूक आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्याला भोगावी लागते.