बुवांचा बसलेला घसा

सांगवणच्या संस्थानात राजगायकाची जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी धुंडिराजबुवा आणि सोनोपंत हे दोन गवई पुढे आले. भर दरबारात धुंडिराजबुवा नाक मुरडून म्हणाले, "महाराज, या सोनोपंतांच्या बंदिशी भाजीवाल्यासुद्धा गुणगुणतात! माझी बंदिश मी शिष्यालाही देत नाही. अख्ख्या संस्थानात ती मी एकटाच गातो."

"मग होऊन जाऊ द्या," महाराज म्हणाले.

बुवा खाकरले. "आज जरा घसा बसलाय."

सोनोपंतांनी हात जोडले. "महाराज, बुवांचा मान मोठाच. फक्त त्यांना पडसं झालं, की त्यांची बंदिशही अंथरूण धरते. मला पडसं झालं, तरी माझी बंदिश मंडईत खुशाल भाजी विकत असते."

महाराज खदखदून हसले. जागा सोनोपंतांना मिळाली. बुवांच्या घरी महाराजांनी काढा पाठवला, आणि सोबत चार शिष्य.