येसाक्काला मूठभर मेथी मिळेना

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. नदीकाठच्या एका गावात मोठा बाजार भरत असे. कोवळी भेंडी, काटेरी वांगी, ओली हळद, गूळ, डाळी, मसाले, काय म्हणाल ते तिथं मिळे. त्याच गावात येसाक्का नावाची एक गृहिणी राहायची, आणि तिला या बाजाराचा भारी वैताग होता.

“एवढ्या ढिगांतून माणसानं निवडायचं तरी काय?” ती करवादायची. “हा हाका मारतो, ती पदर ओढते. घरी आणा, निवडा, चिरा, आणि वर ऐकून घ्या, ‘आज पुन्हा दोडकाच?’”

तिची एकुलती लेक डोंगरमाथ्यावरच्या वाडीत दिलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण लेकीचे पाय सुजले, तिला डोंगर उतरवेना. मग येसाक्काच निघाली.

निघण्याआधी ती बाजारात गेली. वाणी म्हणाला, “आक्का, मेथीदाणे न्या, हाळीव न्या, खारीक न्या. बाळंतिणीला लागणारच.”

येसाक्कानं मेथी तळहातावर घेतली, नाक मुरडलं. “बारीक आहे. आणि त्या खारका तर नुसत्या बिया! वर काय माणसं राहत नाहीत? तिथंच घेईन.” आणि ती रिकामी पिशवी झटकून चालू लागली.

लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. पण दूध पुरेना. पोर रडून रडून दमायची, दमली की झोपायची, उठली की पुन्हा रडायची.

येसाक्का वाडीतल्या एकुलत्या एका दुकानात गेली. तिथं मीठ होतं, दोरखंड होता, तंबाखू होती.

“मेथी?”

“संपली.”

“मग कधी येणार?”

“पाऊस सरला की.”

“अरे देवा! याला दुकान म्हणायचं की थट्टा?” येसाक्का कडाडली.

दुकानदार शांतपणे म्हणाला, “आक्का, इथं माल माणसाच्या पाठीवर चढतो. पावसात वाट निसरडी होते. तेवढ्यासाठी कुणाचा जीव घालवू?”

येसाक्का तशीच दुकानातून बाहेर पडली. ती दारोदार फिरली. लोकांनी नाचणी दिली, कुणी सुकी मासळी पुढं केली. मेथी मात्र कुणाकडं नव्हती. तिला वाडीचा संताप आला, पावसाचा आला, आणि चालता चालता सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. तळहातावर आलेली मेथी आपण नाक मुरडून परत टाकली!

शेवटच्या घरात एक म्हातारी होती. तिनं आढ्याला टांगलेली पुरचुंडी काढली आणि सोडली. आत मूठभर मेथी होती.

“बियाण्याची आहे. घेऊन जा.”

“मग पेराल काय, आजी?”

“आधी पोर, बाई. पेरणी मागनं.”

येसाक्काच्या डोळ्यांना धार लागली. तिनं त्यातला एकही दाणा सांडू दिला नाही. रोज थोडी थोडी मेथी नाचणीच्या पेजेत शिजवून तिनं लेकीला पाजली. हळूहळू दूध आलं आणि पोरीचं रडं थांबलं.

पाऊस ओसरताच येसाक्का गावी परतली, ती थेट बाजारात. तिनं मेथी घेतली, धणे घेतले, भोपळ्याचं, दोडक्याचं बी घेतलं आणि पाठीवर माल घेऊन डोंगर चढणाऱ्या पहिल्याच माणसाबरोबर म्हातारीकडं धाडलं. पुढच्या हंगामात त्या वाडीच्या परसांत हिरवी भाजी उगवली.

येसाक्काचा स्वभाव काही पालटला नाही. दोडका निवडताना ती अजून कुरकुरायची. पण जिन्नस नाक मुरडून परत टाकणं तिनं सोडलं, ते कायमचंच. दुसरं कुणी तसं करताना दिसलं, तर मात्र ती भर बाजारात त्याची खरडपट्टी काढायची.

तात्पर्य : रोज सहज हाताशी येतं त्याची किंमत, हात रिकामा राहण्याआधी ओळखावी.