सशिणीने घातलेला बांध

फार जुनी गोष्ट. एका माळावर साळिंदराचं एक जादा बीळ होतं. ते त्याने ससा-सशिणीला महिन्याला चार कंदांच्या भाड्याने दिलं. पाऊस झाला की पाणी थेट आत यायचं.

सशीण म्हणाली, “मालक, पिल्लं भिजतात. दाराशी मातीचा बांध घालून द्या.”

“तुम्हीच घाला ना,” साळिंदर म्हणाला. “घर आपलंच समजा.”

दोघांनी आठवडाभर चिकणमाती वाहिली, बांध घातला, आत वाळलेलं गवत अंथरलं. महिना भरताच साळिंदर आला आणि गवतावर ऐसपैस लोळला.

“छान झालंय. पुढच्या महिन्यापासून आठ कंद.”

“पण हे सगळं आम्ही केलं,” ससा म्हणाला.

“म्हणूनच त्याची किंमत तुम्हाला वेगळी सांगावी लागत नाही.”

आठ कंद झेपेनात. पिल्लांना घेऊन ते घोरपडीच्या बिळात राहायला गेले. तिथेही पाणी शिरत होतं. ससा लगेच माती आणायला निघाला, तेव्हा सशिणीने त्याला थांबवलं.

“बांध घालू. पण मालकीणबाई यायच्या आदल्या दिवशी तो मोडून ठेवायचा.”

शेजाऱ्यांनाही हे पटलं. तेव्हापासून मालक भाडं न्यायला येतात, त्या दिवशी माळावर एकही धड बीळ सापडत नाही.