आबासाहेबांच्या जीपचं लिंबू

आबासाहेब मोहित्यांच्या विमा नसलेल्या जीपने भाजीवाल्या सुंदरामावशीचा पाय मोडला. ऑपरेशनचा खर्च कोण देणार, यासाठी चावडीवर बैठक बसली.

“विमा भित्र्यांनी काढावा! माझ्या जीपला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो,” आबासाहेब गरजले. म्हातारी मंडळी नेहमीप्रमाणे माना डोलवत राहिली.

मावशीची भाची कल्याणी मात्र ताडकन उठली. “मग आबा, मावशी चालू लागेपर्यंत जीप आमच्या दारात, हमरस्त्यावर उभी करा. लिंबू आहेच राखायला.”

“वेडी का काय तू? तिथून उसाचे ट्रक जातात! एखाद्या बिनविम्याच्या ट्रकने ठोकली, तर भरून कोण देणार?”

“हेच तर मावशी सकाळपासून विचारतेय, आबा.”

चावडी खदखदून हसली. आबासाहेबांनी मुकाट्याने खर्च उचलला. पुढच्या शनिवारी जीपला नवं लिंबू होतं आणि विमाही.