थंड पडलेलं अंडं

माणसाने होडीला शीड बांधायच्याही आधीच्या काळातली ही गोष्ट. भर समुद्रात एक खडकाळ बेट होतं. तिथल्या एका कपारीत वादळपाखरांचं जोडपं राहत होतं. नराचं नाव सावळ्या, मादीचं भिरी.

वादळपाखरू ते केवढं? चिमणीहून जरासं मोठं. अंग काळं, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. जमिनीवर त्याला धड उभंही राहता येत नाही. समुद्रावर मात्र पंख पसरून, पायांनी पाण्यावर टपटप करत ते असं जातं, की जणू अंगणातच खेळतंय! लाटेवरचे बारीक जीव टिपावेत, वाऱ्याशी झुंजावं, हेच त्याचं आयुष्य. बेटावर ते येतं फक्त पिल्लासाठी, आणि तेही अंधार पडल्यावर. उजेडात मोठे कुरव पक्षी त्याला गिळायला टपलेले असतात.

त्या वर्षी भिरीने अंडं घातलं. एकच, कारण वादळपाखराला वर्षाला एकच अंडं होतं. एकाने उबवायचं, दुसऱ्याने समुद्रावर पोट भरून यायचं, अशी दोघांची पाळी ठरली.

"अहो, येते मी," भिरी म्हणाली. "बाळाला सांभाळा."

"तू पोटभर खा. इकडची काळजी नको," सावळ्या म्हणाला.

भिरी गेली आणि मागोमाग वादळ आलं. वाऱ्याने तिला कुठच्या कुठे नेऊन टाकलं.

इकडे सावळ्या वाट पाहत बसून राहिला. पोटात अन्नाचा कण नाही. दिवस जात होते, भिरीचा पत्ता नव्हता. मान उचलवेना, तेव्हा त्याला वाटलं, 'मीच मेलो, तर याला ऊब कोण देणार?' अंड्याला चोचीने हळूच कुरवाळून तो रडत बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर भिरी परतली. कपार रिकामी. अंडं गार.

शेजारची म्हातारी खेकडीण दारात आली. "टाकून गेला गं बाई तो! नाहीतर काय! आता हा नुसता दगड झाला. दे ढकलून, आणि आला की चांगली खडसाव त्याला."

भिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला. पण ती म्हणाली, "मावशी, भांडायला अख्खा जन्म पडलाय. आधी याला पोटाखाली घेते." आणि ती त्या गार अंड्यावर बसली.

काही दिवसांनी सावळ्या आला. दाराशीच थांबला. "मला दम निघाला नाही गं. माझ्यामुळे गेलं ना आपलं बाळ?"

भिरीने त्याच्याकडे पाहिलं. छातीचं हाड नुसतं वर आलं होतं. बोलायचं ठरवलेलं सगळं ती विसरली.

"अगोबाई, किती वाळलात! आत या बघू. उशीर तर मलाही झाला."

पुन्हा पाळ्या सुरू झाल्या. बेटावरची बाकीची अंडी फुटली, पिल्लं वाढली. "दगड उबवतायत!" म्हणून खेकडीण हसायची. दोघं ऐकून घ्यायची आणि उबवत राहायची.

मग एके पहाटे कवचाच्या आतून टकटक झाली. वादळपाखराचं अंडं मोठं चिवट. गार पडलं तरी आतला जीव ऊब मिळेपर्यंत तग धरतो. कवच तडकलं आणि करड्या लोकरीचा एक गोळा बाहेर येऊन 'चिक्' करून ओरडला.

सावळ्या आणि भिरी एकमेकांना बिलगून त्याच्याकडे बघतच राहिली. भांडायचं मात्र राहूनच गेलं. हसणारी खेकडीणही पिल्लू बघायला आली. पुढे पंख फुटल्यावर, वारा फिरायच्या सुमाराला ते पिल्लू कपारीतून निघालं आणि पाण्यावर टपटप करत खोल समुद्राकडे गेलं.

तात्पर्य: चूक कोणाची हे विचारण्याआधी जे ऊब देतात, त्यांचंच घर टिकतं.